हळदकुंकवाचं कन्फर्म तिकीट

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रेल्वेचं स्वस्त तिकीट आगाऊ काढण्यात अख्ख्या जव्हारात माझा हात धरणारा माणूस नव्हता! ‘नव्हता’ असं आज म्हणतोय. दोन महिन्यांपूर्वी ‘नाही’ म्हणायचो, तेही छाती पुढे काढून.

मी चंद्रकांत. जव्हारच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. तीस वर्षं लोकांचे अर्ज तपासतोय. एक काना कमी असला तरी अर्ज परत! “नीट वाचून भरा” हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलंय की शिपाई ते माझ्या आवाजात म्हणून दाखवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला हे आठवणारच आहे.

तर झालं असं, की माझ्या भाचीचं लग्न ठरलं. शलाका! माझी थोरली बहीण मालूताई जळगावला असते, तिची ही एकुलती एक मुलगी. आणि मी तिचा एकुलता एक मामा. दर मे महिन्यात ही पोरगी जव्हारला यायची. सायकल मी शिकवली, पोहायला मी शिकवलं, पहिला दात पडला तो माझ्या तळहातावर! सात वर्षांची असताना एका लग्नात मामाने नवरीला बोहल्यावर आणलेलं तिने पाहिलं आणि मला विचारलं, “मामा, मला तूच आणणार ना?”

“मी नाही तर कोण?” मी म्हणालो.

वीस वर्षं तिने ते लक्षात ठेवलं. लग्न ठरल्यावर पहिला फोन मला केला आणि म्हणाली, “मामा, कबूल केलंयस. विसरू नकोस.”

आता आमच्यात मामाची दोन कामं. एक, गौरीहर पुजायला नवरी बसते तेव्हा ती मामाने आणलेली पिवळी साडी नेसते. तिला अष्टपुत्री म्हणतात. दुसरं, मुहूर्ताच्या वेळी मामाने हात धरून नवरीला मांडवात आणायचं. म्हणजे मामा पोचलाच पाहिजे, आणि साडीसकट पोचला पाहिजे!

भावोजी, म्हणजे मालूताईचे यजमान, फार सज्जन माणूस. त्यांनी फोन केला. “चंद्रकांतराव, तुमच्याकडे रेल्वे नाही. उन्हाळ्याचे दिवस. मी इथून जीप पाठवतो.”

मला काय झालं कोण जाणे! “भावोजी,” मी म्हणालो, “मामाला आणायला गाडी? मामा आपल्या तिकिटाने येईल! कन्फर्म तिकिटाने! आणि तुमच्या जीपच्या डिझेलपेक्षा स्वस्तात येईल!”

“बघा हं,” ते म्हणाले.

“बघायचं काय त्यात?” मी म्हणालो.

लग्न रविवारी, संध्याकाळी सहा बावन्नचा गोरज मुहूर्त. शनिवारी कचेरीत तपासणी होती, तेव्हा रविवारी सकाळी निघायचं आणि दुपारी जळगाव गाठायचं असं मी ठरवलं. एक रजासुद्धा खर्च नाही! तिकिटं चार. मी, माझी बायको वनमाला, मोखाड्याला राहणारा तिचा भाऊ नीलेश आणि त्याची बायको सोनल.

साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला बुकिंग उघडतं. लग्नसराईत आठ वाजून दोन मिनिटांनी उरते ती वेटिंग लिस्ट. म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून साठ दिवस मोजले. वनमालाने मोजले तर एकसष्ट भरले. प्रवासाचा दिवस धरायचा की नाही, यावर आमचं दोन दिवस वाजलं. शेवटी मी माझ्या हिशोबाने गेलो आणि बुकिंग उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी वनमालाच्या हिशोबाने गेलो.

‘गेलो’ म्हणजे हनुमान पॉइंटवर. आमच्या घरात मोबाइलची रेंज फक्त मोरीत येते, आणि मोरीत बसून मी इतकं महत्त्वाचं काम करणार नाही. हनुमान पॉइंटवर समोर सगळी दरी मोकळी, रेंज भरपूर. पण सकाळी फिरायला येणारी मंडळीही भरपूर! मी बाकावर मोबाइल धरून बसलोय म्हटल्यावर पाचसात जण भोवती जमले.

“काय साहेब, निकाल आहे का?”

“तिकीट काढतोय. आठला.”

“अरे बापरे! सात एकोणसाठ झाले! अंगठा तयार ठेवा!”

आठ वाजले. मी दाबलं. ॲप म्हणालं, मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. माझ्या मोबाइलवर काहीच आलं नाही! मग आठवलं. मागच्या वर्षी माझा पासवर्ड तीनदा चुकला, म्हणून ॲपमधलं खातं वनमालाच्या नावाने उघडलं होतं. ओटीपी तिच्या मोबाइलवर, आणि ती घरी. नशिबाने मोरीत कपडे धूत होती, म्हणून फोन लागला.

“वनमाला! पटकन तो सहा आकडी नंबर सांग!”

पलीकडून सावध आवाजात प्रश्न आला, “कोण बोलतंय?”

“कोण म्हणजे? मी!”

“मी कोण?”

“अगं, मी तुझा नवरा!”

“ते सगळेच म्हणतात,” वनमाला म्हणाली.

तुम्हाला सांगायचं राहिलं. आदल्याच आठवड्यात तिच्या बचत गटात ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान झालं होतं. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका. हल्ली घरच्या माणसाच्या आवाजातसुद्धा फोन येतात!’ असं बाईंनी बजावलं होतं. आणि आमच्या वनमालाला एखादी गोष्ट पटली की पटली.

“नवरा आहात तर सांगा,” ती म्हणाली, “लग्नात माझ्या शालूचा रंग कोणता होता?”

आठ वाजून एक मिनिट! “हिरवा!” मी म्हणालो.

“मोरपंखी होता! भामट्या, पोलिसात देईन!” आणि फोन बंद.

भोवतीची मंडळी हसायला लागली. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “मला माझ्या मंडळींच्या शालूचा रंग पाठ आहे.” मी त्यांच्याकडे पाठ केली. पुन्हा फोन लावला.

“वनमाला, ठेवू नकोस! काल रात्रीची आमटी खारट झाली होती! परवाचीही झाली होती! आणि तुझ्या भावाला भांग पाडता येत नाही!”

“हां,” ती म्हणाली, “हे तेच आहेत.” आणि तिने ओटीपी सांगितला.

तोवर आठ वाजून चार मिनिटं. ॲपने मला बाहेर टाकलं होतं. पुन्हा आत शिरलो, तारीख घातली, ‘जळगाव’ घातलं, बाकीचं आपोआप भरलेलं होतं, आणि खाली हिरव्या अक्षरांत दिसलं: उपलब्ध! स्लीपरची, म्हणजे सगळ्यात स्वस्त आरक्षणाची तिकिटं! सुटणार दहा वीसला, पोचणार पाचला. मी वाचलं नाही, विचार केला नाही, नुसता दाबत सुटलो! नाव, वय, पैसे, ठक्क! कन्फर्म! चारही!

हनुमान पॉइंटवर टाळ्या पडल्या हो! गुरुजींनीसुद्धा वाजवल्या. मी तिथल्या तिथे ते तिकीट व्हॉट्सॲपवर दोघांना पाठवलं. एक बाजारातल्या झेरॉक्सवाल्याला, छापून ठेवायला. दुसरं नीलेशला, माहितीस्तव.

पाच मिनिटांत नीलेशचा फोन. हा माणूस मोखाड्याला हार्डवेअरचं दुकान चालवतो, पण स्वभाव असा की दोन रुपयाचा खिळा विकतानाही गिऱ्हाइकाला विचारील, “कशाला पाहिजे, भिंतीला का लाकडाला?”

“दाजी, तिकीट बघितलं. एक विचारू का? ते स्टेशन...”

“नीलेश,” मी म्हणालो, “तिकीट कोणी काढलं?”

“तुम्ही.”

“मग मला स्टेशन शिकवू नकोस! प्रश्न विचारायचे नाहीत. तिकिटावर लिहिलंय ते नीट वाच आणि वेळेवर ये!”

“बरं दाजी,” तो म्हणाला.

झेरॉक्सवाल्याकडून छापील तिकीट घेऊन घरी आलो. आमची चार नावं बघितली, कन्फर्म बघितलं, मन भरलं. वनमालाने ते माझ्या हातातून घेतलं आणि देवघरात ठेवलं. आमच्याकडे नवीन आलेली कुठलीही वस्तू आधी देवापुढे जाते. स्कूटर, कुकर, मिक्सर, गॅसचा सिलिंडरसुद्धा! हळदकुंकू लागल्याशिवाय वापरायचं नाही. तिने तिकिटावर वरच्या बाजूला मधोमध ओलं कुंकू लावलं, वर हळद लावली, अक्षता टाकल्या, हात जोडले. शुभकार्याचं तिकीट ना! मीही जोडले.

“अहो,” ती म्हणाली, “दहा वीस ते पाच? नाशिकहून जळगावला सात तास कशाला लागतात?”

“स्वस्त गाडी आहे,” मी समजावलं. “हळू जाते.”

तिला पटलं. वाईट याचं, की मलाही पटलं!

मग मी तिकीट लॅमिनेट करून घेतलं. ही माझी तीस वर्षांची सवय. मोबाइल हरवतो, कागद भिजतो, लॅमिनेशन टिकतं. दुकानदार म्हणालाही, “साहेब, कुंकू ओलं आहे, पसरेल.” मी म्हणालो, “शुभ असतं ते, पुसू नकोस.” मशिनच्या गरमीने कुंकू पसरलं, हळद पसरली आणि तिकिटाच्या वरच्या भागात तळहाताएवढा लाल-पिवळा डाग कायमचा बंद झाला. दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट काढलं. तेही देवापुढे, तेही लॅमिनेट!

साडी राहिली होती. वनमाला सुरतेला जाऊन आणणार होती, पण शेवटी नाशिकला घेतली. अस्सल पिवळी, हिरव्या काठाची. फॉल-पिकोला मोखाड्याला सोनलकडे दिली, कारण तिचं शिलाईकाम. ती म्हणाली, “वन्सं, मी येताना गाडीतच आणते. घडी मोडायला नको.” ठीक आहे, म्हटलं.

लग्नाचा रविवार उजाडला. सव्वासहाला आम्ही दोघं जव्हारच्या डेपोत हजर. मी नवीन कुडत्यात, लॅमिनेट केलेली तिकिटं खिशात. जळगावला जायचं तर नाशिकमार्गे, हे आमच्या रक्तातच आहे. वडील तसेच गेले, ताईचं वऱ्हाड तसंच गेलं. जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, नाशिक! एसटी लागलेलीच होती. चढलो, खिडकी मिळाली, गाडी सुटली. डेपोच्या फाटकात समोरून मोखाड्याकडून आलेली, पालघरकडे जाणारी गाडी आत शिरत होती.

“अहो!” वनमालाने माझा दंड धरला. “त्या गाडीत नीलेश दिसला! हात करत होता!”

“नीलेश मोखाड्याच्या स्टँडवर आपली वाट बघत उभा असेल,” मी म्हणालो. “तुला सगळीकडे माहेरचीच माणसं दिसतात!”

मोखाडा आलं. स्टँडवर नीलेश नाही, सोनल नाही. मी कंडक्टरच्या हातापाया पडून दोन मिनिटं गाडी थांबवली. रस्त्यावर उतरून हाका मारल्या. चहावाला म्हणाला, “नीलेशशेठ? ते तर पहाटेच गेले, बाईंना घेऊन, बॅगा घेऊन.”

“कुठे?”

“लग्नाला! जळगावला!”

“बघ!” मी गाडीत चढत वनमालाला म्हणालो. “आधीच्या गाडीने पुढे गेला! एवढाही दम निघाला नाही त्याला! मला दाखवायचंय ना, की मी तुमच्याआधी पोचलो!”

“मग तो मघाशी दिसला तो कोण?”

“दुसरा कोणी असेल, भांग न पाडलेला!”

घाटात रेंज नाही. त्र्यंबकच्या अलीकडे मोबाइलला एकदम जाग आली आणि टण टण टण टण सुरू झालं. नीलेशचे सतरा मिस्ड कॉल! तेवढ्यात अठरावा आला.

“घ्या की!” वनमाला म्हणाली.

“घेत नाही! पुढे गेलाय ना? उभा राहू दे स्टेशनवर. मामा कोण आहे, कळू दे!” मी फोन कापला. एकोणिसावाही कापला. विसाव्याला मोबाइल बंद करून टाकला. मला फार बरं वाटत होतं हो! शेवटचं बरं मला तेव्हाच वाटलं.

दहाला नाशिकरोड स्टेशन गाठलं. दहा वीस झाले, गाडी नाही. दहा चाळीस झाले, गाडी नाही. नीलेश नाही, सोनल नाही, साडी नाही! पावणेअकराला मी चौकशीच्या खिडकीवर गेलो आणि लॅमिनेट केलेलं तिकीट ठेवलं. आतल्या माणसाने ते उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं.

“काका, हे काय आहे?”

“कन्फर्म तिकीट.”

“ते कळलं. हे लाल काय आहे?”

“कुंकू.”

“आणि कुंकवाखाली काय आहे?”

त्याने नखाने खरवडलं. वरून काय खरवडणार, कुंकू आत! मग गाडीचा नंबर वाचून तो म्हणाला, “काका, ही गाडी नाशिकला येतच नाही.”

“असं कसं? जळगावला जाते ना?”

“जाते. पण सुरतेवरून जाते. मोबाइलवर तिकीट नाही का तुमच्याकडे?”

मोबाइल चालू केला. व्हॉट्सॲपवर नीलेशला पाठवलेली प्रत उघडली. साठ दिवस ती माझ्याच खिशात होती! वरच्या ओळीत, कुंकू नाही, हळद नाही, स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: बोईसर ते जळगाव.

बोईसर!

आता आमच्या जव्हारचं दुखणं तुम्हाला सांगायला हवं. गावाला स्टेशन नाही, पण दोन्ही बाजूंना रेल्वे आहे. पूर्वेला उतरलं की नाशिक, पश्चिमेला उतरलं की बोईसर. आणि जळगाव हे असं ठिकाण, की दोन्हीकडून गाडी जाते! मी तीस वर्षांच्या सवयीने पूर्वेला आलो होतो, आणि माझी गाडी पश्चिमेला होती. मध्ये अख्खा डोंगर!

“पण बोईसर घातलं कोणी?” मी ओरडलो.

वनमाला खाली बघत हळूच म्हणाली, “अहो, मी त्या आठवड्यात सुरतेच्या साडीसाठी बोईसरहून गाड्या बघत होते. माझं खातं ना. त्याने तेच लक्षात ठेवलं असेल.”

मोबाइलवर एकविसावा फोन आला. मी घेतला.

“दाजी! कुठे आहात? गाडी सुटलीसुद्धा! टीसी तुमच्या जागा कोणाला तरी द्यायला निघालाय!”

“मी नाशिकरोडला आहे.”

“नाशिकला? कशाला?”

“नीलेश,” मी दात आवळून विचारलं, “गाडी बोईसरहून आहे, हे तू मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हीच म्हणलात ना दाजी, प्रश्न विचारायचा नाही. तिकिटावर लिहिलंय ते नीट वाचायचं आणि वेळेवर यायचं. मी नीट वाचलं.”

तीस वर्षांत माझ्या टेबलापुढे उभ्या राहिलेल्या माणसांपैकी एकानेही माझं ऐकलं नव्हतं. ऐकलं ते नेमकं ह्याने, आणि नेमकं तेव्हा!

“मघाशी डेपोत हात केला की तुम्हाला,” तो पुढे म्हणाला. “आम्हाला वाटलं, तुम्ही काहीतरी दुसरी सोय केली. फोन करून करून बोट दुखलं.”

“साडी?” मी विचारलं.

“आहे ना, सोनलच्या मांडीवर.”

तिथे फलाटावर मी मटकन बसलो. भाचीला दिलेला शब्द डोळ्यांपुढे आला.

मग जनरलची दोन तिकिटं काढली. गाडी साडेबाराला होती, ती दोन तास उशिरा आली. डब्यात पाय ठेवायला जागा नाही. मी कुडत्यातला मामा एका गव्हाच्या पोत्यावर, वनमाला आहेराच्या पिशवीवर, आणि माझ्या मांडीवर कोणाची तरी झोपलेली मुलगी. पाचला नीलेशचा फोन आला. “दाजी, उतरलो. मस्त झोप झाली. तुमचा खालचा बर्थ चांगला होता. टीसीने दिला नाही कोणाला, मीच झोपलो.”

सहा पाचला जळगाव आलं. दारापर्यंत जायला निघालो, तर उतरणारे चार आणि चढणारे चाळीस! “उतरू द्या हो! मामा आहे मी, नवरीचा मामा!” मी ओरडलो. कोणीतरी मागून म्हणालं, “मामा, पुढच्या स्टेशनला उतरा.” गाडी हलली. फलाट मागे सरकताना मी बघितला, मोठमोठ्या अक्षरांतली ‘जळगाव’ पाटी बघितली. ही एकच पाटी त्या दिवशी मी नीट वाचली.

भुसावळला उतरलो तेव्हा साडेसहा. रिक्षावाल्याला म्हटलं, पाहिजे ते माग पण उड! त्याने पाहिजे ते मागितलंच. भावोजींच्या जीपचं डिझेल त्यातून दोनदा आलं असतं. रस्त्यात सहा बावन्न वाजले. मी घड्याळाकडे बघत होतो. वनमालाने माझ्या हातावर हात ठेवला आणि घड्याळ झाकून टाकलं.

मंगल कार्यालयात शिरलो तेव्हा वाजंत्री थांबली होती. अक्षता जमिनीवर सांडलेल्या, लोक जेवणाच्या पंगतीकडे निघालेले. स्टेजवर माझी शलाका, गळ्यात हार. तिच्यामागे, मामाच्या जागी, हातात नारळ धरून, केसांचा चापूनचोपून भांग पाडून नीलेश उभा!

“तुझी वाट बघून बघून थांबलो रे, चंदू,” मालूताई म्हणाली. “मुहूर्त टळत होता. मग भटजी म्हणाले, मामाच्या नात्यातलं कोणी असेल तर चालेल.”

भावोजींनी फक्त मला पाणी दिलं. ते जीपबद्दल एक शब्द जरी बोलले असते ना, तर मी त्यांचा आयुष्यभर राग तरी केला असता!

मी स्टेजवर गेलो. कुडत्यावर गव्हाचा कोंडा, केसांत धूळ. शलाका मला बघून आधी हसली. मग तिचे डोळे भरले. “मामा,” ती म्हणाली, “गौरीहराशी बसले होते तेव्हापासून दाराकडेच बघत होते रे मी. साडी आली, तू नाही आलास.”

तीस वर्षांत लोकांनी माझ्यापुढे किती कारणं सांगितली असतील! गाडी चुकली, पूल बुडाला, मूल आजारी होतं. मी एकही ऐकून घेतलं नव्हतं. आज माझ्याकडे एकच कारण होतं आणि तेही सांगण्यासारखं नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत रडलो. तिने पदराने माझं तोंड पुसलं. माझ्याच अष्टपुत्रीच्या पदराने!

“जाऊ दे मामा,” ती म्हणाली, “पाठवणीला तरी तूच हात धर.”

तेवढं मात्र मी केलं. तिला गाडीपर्यंत हाताला धरून नेलं. गाडी कुठे चाललीय ते ड्रायव्हरला तीनदा विचारलं, म्हणून सगळे हसले. हसू देत!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो होतो. नीलेश म्हणाला, “दाजी, राग मानू नका, एक विचारू का?”

“विचार,” मी म्हणालो. “आयुष्यभर विचार.”

“परतीचं तिकीट मला पाठवलं नाही तुम्ही. कुठून आहे?”

मी खिशातून काढलं. सगळे वाकून बघायला लागले. वनमालाने चष्मा लावला. यावेळी स्टेशन अगदी स्वच्छ दिसत होतं. जळगाव ते नाशिकरोड! मी छाती पुढे काढली. “बघा!” म्हणालो. “याच्या स्टेशनवर कुंकू नाही!”

“नाही,” नीलेश नीट वाचत म्हणाला. “तारखेवर आहे.”